हारितीची मुले आणि डेक्सामेथासोन

१/
अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात, मुख्य गर्भगृहाच्या उजवीकडे, एक लहान देवकोष्ठ आहे. त्यात हारिती आणि पांचिक बसलेले आहेत. काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. नजर बहुधा या दोन भव्य मूर्तींवरच खिळते आणि खालची पट्टी पाहायची राहून जाते. तेथे शाळा भरली आहे! काही मुले शिकत आहेत, काही एडक्यांशी खेळण्यात दंग आहेत. गुरुजींच्या हाती छडी द्यायलाही शिल्पकार विसरलेला नाही.

२/
हारिती मूळची बालभक्षक यक्षी. बुद्धाने तिचेच धाकटे मूल लपवले, तेव्हा तिला इतर मातांचे दुःख कळले आणि ती बालकांची रक्षणकर्ती झाली.

३/
वाचलेले मूल पुढे शाळेत कसे शिकते, हा प्रश्न नवजात-वैद्यकाने मात्र बराच उशिरा विचारला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना कृत्रिम श्वसनयंत्राने जगवता येऊ लागले. पण त्याच यंत्राने आणि प्राणवायूने त्यांची फुप्फुसे जखमी होत. या विकाराचे वर्णन १९६७ मध्ये झाले.

४/
येथे एक भेद ध्यानात ठेवावा. प्रसूतीपूर्वी मातेला स्टेरॉईड देण्याचा उपाय वेगळा. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाऊई यांनी १९७२ मध्ये त्याचा लाभ दाखवला आणि तो टिकला. १९८० च्या दशकात पसरला तो दुसरा उपाय : जन्मानंतर थेट बाळाला डेक्सामेथासोन. परिणाम डोळ्यांदेखत दिसे. बाळ यंत्रावरून लवकर सुटे. १९८९ च्या एका अमेरिकी चाचणीत तर ४२ दिवसांचा क्रम वापरला गेला. दिवसेंदिवस यंत्राला जोडलेले बाळ स्वतः श्वास घेताना पाहिल्यावर कोणता वैद्य थांबला असता?

५/
थांबवले तैवानच्या संशोधनाने. त्सू येह आणि सहकाऱ्यांनी जन्मानंतर १२ तासांच्या आत औषध सुरू केलेल्या बाळांचा मागोवा शालेय वयापर्यंत घेतला. २००४ मध्ये निष्कर्ष आले : औषध मिळालेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ७८.२, न मिळालेल्यांचा ८४.४. लक्षणीय अपंगत्व ७२ पैकी २८ मुलांत, तर दुसऱ्या गटात ७४ पैकी १६ मुलांत. उंची कमी, डोक्याचा घेरही लहान.

६/
दोन वर्षांच्या वयातील धोक्याच्या खुणा त्यांनी १९९८ मध्येच नोंदवल्या होत्या. त्यामुळे २००२ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी सरसकट वापराविरुद्ध सल्ला दिला. भीती इतकी पसरली, की अल्प मात्रेची ऑस्ट्रेलियातील चाचणी पुरेशी बाळे न मिळाल्याने ७० वरच थांबली. औषध मात्र पूर्णतः हद्दपार झाले नाही, आणि ते योग्यच. फुप्फुसविकाराचा धोका फार मोठा असेल, तर लाभाचे पारडे जड होऊ शकते, असे २००५ च्या एका विश्लेषणातून दिसले.

७/
अशी दीर्घ पाखत महाराष्ट्रातही ठेवली गेली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मागोवा घेतला. हा अभ्यास स्टेरॉईडचा नव्हता. प्रश्न मात्र तोच. बाराव्या वर्षी १८० मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ८९.५ होता, पुरेशा वजनाच्या ९० मुलांचा ९७.२. पहिला आकडाही सामान्य मर्यादेतच बसतो. अडचण वाचनात आणि गणितात दिसली. अठराव्या वर्षी त्यांची पुन्हा तपासणी झाली.