रबराच्या चिकावरची साय

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतले रबरी साचे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. मूळ मूर्तीवर रबराच्या चिकाचे एकावर एक थर देऊन असा साचा तयार होतो. झाडातून निघालेला पातळ चीक मूर्तीवर टिकत नाही, ओघळून जातो. तो घट्ट करावा लागतो, पण गोठू मात्र द्यायचा नाही. हा फरक साधायला बराच काळ गेला.

रबराच्या चिकात साधारण एक तृतीयांश रबर, बाकी मुख्यतः पाणी. रबराच्या सूक्ष्म कणांवर प्रथिनांचे वेष्टन व ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर सारतात. चीक बाहेर पडला की जिवाणू आम्ल तयार करतात, भार नाहीसा होतो आणि काही तासांतच चीक दुधासारखा नासतो. नासलेल्याचे पुन्हा दूध होत नाही! १७३६ मध्ये ला कोंदामिनने दक्षिण अमेरिकेतून पॅरिसला रबराचे नमुने धाडले, ते घनरूपच. मग युरोपात तेच रबर टर्पेंटाइनमध्ये, नाफ्थ्यात विरघळवण्याची खटपट चालली. मेक्सिकोकडच्या लोकांपाशी चीक ताजाच होता. त्यांनी तर सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी त्याचे चेंडू केले होते.

१८५३ मध्ये चीक टिकवण्यासाठी अमोनियाचे पेटंट घेतले गेले. अमोनिया जिवाणूंना रोखतो आणि चीक अल्कधर्मी ठेवतो. आता चीक प्रवास करू शकत होता. पण जहाजातून दोन तृतीयांश पाणी वाहून न्यायचे, हे व्यापाऱ्याला कसे परवडावे? १९२०च्या दशकात यावर उपाय निघाले. कोणी अल्क घालून चीक आटवला. कोणी दुधाच्या सेपरेटरसारख्या यंत्रात फिरवून रबराचे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास नेले.

तिसरा उपाय आम्हांला सर्वांत गोड वाटतो. रबर पाण्याहून हलके, तरी बारीक कण ब्राउनीय हालचालीमुळे वर येत नाहीत. चिकात थोडा वनस्पतिजन्य बुळबुळीत पदार्थ मिसळला, की कणांचे सैल पुंजके होतात. पुंजका मोठा, म्हणून तो वर चढतो, आणि काही दिवसांत चिकावर साय धरते. कण एकमेकांत मिसळून जात नाहीत. पाणी घालून ढवळले की पुन्हा सुटे होतात. यासाठी समुद्रशैवालातील अल्जिनेट वापरतात, आणि केरळात चक्क चिंचोक्याचे पीठ! आपल्याकडे घोंगडीला खळ देतात तोच हा चिंचोका. मात्र पीठ जास्त झाले तर द्रवच इतका दाट होतो की पुंजके वर चढतच नाहीत.

साचेवाला नेमके हेच मुद्दाम करतो. साठ टक्क्यांच्या चिकात तो आणखी दाटपणा आणणारा पदार्थ घालतो. त्याने ओघळणे थांबते, पण पाणी तेवढेच राहते आणि ते वाळूनच जावे लागते. जाड थर एकदम दिला तर वर कातडी धरते व आत ओल राहते. पांढरा रंग जाऊन पिवळसर झाक आली, की मगच पुढचा थर द्यायचा.