कोपऱ्यावरचा इराणी

दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडमध्ये शहरांच्या कडेने नव्या वसाहती उठल्या, तेव्हा बिअर तयार करणाऱ्या कंपन्यांनी तेथील चौकांत प्रशस्त ‘पब’ बांधले. पुढे त्यांतील पुष्कळ पाडले गेले. उरलेल्यांपैकी २१ वास्तूंना २०१५ साली संरक्षण मिळाले. त्याच काळात मुंबईच्या तेव्हाच्या वेशीवर अशीच एक संस्था रुजली. तिच्या पेल्यात मद्य नव्हते, चहा होता. ती म्हणजे कोपऱ्यावरचा इराणी.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. रुंद रस्ते, मधे उद्याने आणि जेथे रस्ते मिळतात तेथे छाटलेल्या कोनाच्या इमारती, असे तिचे रूप. कोपऱ्याचे दुकान अशुभ मानून हिंदू व्यापारी ते टाळीत, असे सांगतात. यझ्द-केरमानकडून आलेल्या इराण्याला तोच कोपरा लाभला. किंग्ज सर्कलचे ‘कूलर’ १९३२ चे. दोन्ही रस्त्यांकडे उघडणारी दारे, उंच छत, संगमरवरी मेजे, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, आणि गल्ल्यावरून सारी खोली दिसावी असे भिंतींवरचे आरसे, ही त्याची वास्तुकला. आरशांनी जागा मोठी भासे, आणि मालकाला नोकर कमी लागत! ब्रून-मस्क्याच्या पैशांत गिरणीकामगार, कारकून व विद्यार्थी एकाच मेजाशी बसत. जात विचारण्याची सोय त्या मेजावर नव्हती, हे त्या काळी लहान काम नव्हते.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने इराणी तगला, पण त्याच कायद्यामुळे घरमालकाला डागडुजीत रस उरला नाही. पुढे दारूबंदी सैल झाली, तसे कित्येकांनी चहाची किटली बाजूस सारून ‘परमिट रूम’ थाटली. मुले अन्य व्यवसायांत गेली. जागेची किंमत धंद्याहून मोठी झाली. धोबीतलावचे ‘बस्तानी’ २००४ साली मिटले. २०१८ साली युनेस्कोने मुंबईच्या आर्ट डेको वास्तूंचा गौरव केला, तो फोर्ट-मरीन ड्राइव्हपुरता. दादर-माटुंगा त्याबाहेरच राहिले. आणि यादीत नाव आले तरी ती भिंत राखते, स्वस्त चहा राखीत नाही.

लखनौच्या रायबरेली मार्गावरील आमची वृंदावन योजना हीही एक आखलेली वसाहतच. आवास विकास परिषदेने सेक्टर पाडले, रस्ते सरळ काढले. २०२० चे संरक्षण-प्रदर्शन येथेच भरले. येथे कोपऱ्याचा भूखंड अशुभ तर नाहीच, उलट त्यास जादा मोल पडते. म्हणूनच त्यावर दोन घटका फुकट बसू देणारा कोणी येत नाही. बदलीच्या गावी आलेल्या माणसाला घर सरकार देते, शेजार मात्र अशा मेजांवर जुळतो. नगररचनाकाराने बाजारासाठी जागा सोडावी, तशी बसण्यासाठीही स्वस्त भाड्याचा एक कोपरा सोडावा. इराणी गेला याचे दुःख करण्यापेक्षा, तो कशामुळे उभा राहिला होता हे ध्यानात ठेवणे अधिक उपयोगाचे.