कर्क्युमिन आणि कॅन्सर पेशींचे सिग्नल: हळद नेमकं काय करते?

हळदीचा पिवळा रंग मुख्यतः कर्क्युमिनमुळे येतो. हळद पावडरमध्ये ते साधारण ३ टक्केच असतं.

सिग्नल कसा चालतो?
पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रोटीन असतं. एरवी दुसरं एक प्रोटीन त्याला अडवून ठेवतं. सिग्नल आला की आयकेके हे एन्झाइम या अडवणाऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवतं आणि पेशी ते मोडून टाकते. सुटलेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाऊन पेशीला तगवणारी जनुकं चालू करतं. बऱ्याच कॅन्सरमध्ये हा स्विच बंदच होत नाही.

कर्क्युमिनचा संबंध काय?
लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींवर टाकल्यावर ते आयकेकेला रोखतं, असं दिसलंय. पण खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात फारच कमी उतरतं. आतडं आणि लिव्हर त्याचं रूप लगेच बदलतात. म्हणून बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पिपरीन घालतात. अडचण इथेच आहे. पिपरीन औषधं मोडणाऱ्या एन्झाइम्सनाही मंदावतं, त्यामुळे चालू औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलू शकतं.

मग करायचं काय?
भाजी-आमटीतली हळद खुशाल खा. केमो सुरू असेल, तर कॅप्सूल घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. कर्क्युमिन हे कॅन्सरवरचं मंजूर औषध नाही. त्याच्या भरवशावर उपचार थांबवू नका.