बुऱ्हाणपूरचा बेत

दर हिवाळ्यात दोन दिवस काढून इतिहासातले एखादे ठिकाण पाहून यायचे, असा आम्हा सहा जणांचा नेम आहे. यंदा मार्गशीर्षात बुऱ्हाणपूर करायचे ठरले आणि बेत आखण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. मला ते सोपे वाटले होते. रात्रीची गाडी धरायची, भुसावळ सोडून तापी ओलांडली की सामान आवरायला घ्यायचे, दोन दिवस गाव पाहायचे, मावा जिलेबी आणि दराबा बांधून घ्यायचा आणि परतायचे. पण कागदावर ठिकाणे मांडायला बसलो आणि भांडण जुंपले.

ज्याचे त्याचे बुऱ्हाणपूर निराळे. वहिनींना मुमताजमहल हवी. खानजहान लोदीच्या बंडासाठी शाहजहान दक्षिणेत उतरला होता, त्या मुक्कामात जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात ती इथेच वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला आधी पुरले आणि सहा महिन्यांनी शव आग्र्याला नेले. नानांना असीरगड चढायचा. अण्णांचा हट्ट रावेरखेडीचा. २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांनी नर्मदेकाठी देह ठेवला, तिथे डोके टेकवल्याशिवाय आपण परतणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. त्यासाठी सातपुडा ओलांडायला हवा आणि एक अख्खा दिवस मोडायला हवा. रावेरखेडी पुढच्या वर्षी, असे म्हणून मी कसाबसा तह केला. माई तेवढ्या गप्प होत्या. त्यांचे माहेर बुऱ्हाणपूरचे. माहेराला कोणी प्रेक्षणीय स्थळ म्हणून पाहत नाही.

हे गाव इथेच का वसले, ते नकाशा उघडल्याशिवाय कळत नाही. उत्तरेकडून दक्षिणेत यायचे तर नर्मदा उतरल्यावर सातपुडा आडवा येतो. त्या डोंगरात गाडे आणि तोफा नेता येतील अशी एक मोकळी वाट आहे. वाटेच्या तोंडाशी असीरगड बसला आहे आणि गडाखालून वीसेक किलोमीटर खाली आले की तापीच्या काठी बुऱ्हाणपूर. आजचा लोहमार्गही तीच वाट धरतो. दिल्लीची फौज दक्षिणेत येवो की दक्षिणेची उत्तरेत जावो, हे गाव चुकवून जाणे अवघड होते.

फारुकी घराण्यातल्या नासीरखानाने पंधराव्या शतकाच्या आरंभी हे गाव वसवले आणि खुलदाबादच्या शेख बुऱ्हानुद्दीनाचे नाव त्याला दिले. असीरगड त्याने आसा अहिराकडून कसा घेतला, याची फेरिश्त्याने दिलेली हकिकत मोठी चटकदार आहे: जनाना म्हणून डोल्या गडावर पाठवल्या आणि डोल्यांतून उतरले शिपाई! पश्चिमेला गुजरात, उत्तरेला माळवा, दक्षिणेला बहमनी, अशा तीन दांडग्या शेजाऱ्यांच्या मध्ये हे चिमुकले राज्य दोनशे वर्षे टिकले. कधी याच्याशी सोयरीक, कधी त्याच्यापुढे नमते. आपले इतिहासकार फारुक्यांना दोन ओळींत आटोपतात, ते मला बरे वाटत नाही. तलवार गाजवून राज्ये टिकवणारे पुष्कळ झाले. वाकून टिकवणाऱ्यांचीही कुणीतरी नोंद घ्यायला हवी.

म्हणून पहिल्या दिवशीची सकाळ मी जामा मशिदीला दिली. राजा अलीखान फारुकीने ती बांधली. आत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेख आहे. त्यात ईश्वराला वंदन करून फारुक्यांची वंशावळ दिली आहे आणि काल दिला आहे शके १५११. मशिदीत संस्कृत वंशावळ कोरून घेणारा राजा कोणाकोणाला धरून राहू पाहत होता, याचा विचार तिथे उभे राहून करावा, अशी माझी इच्छा आहे. पुढे अवघ्या अकरा-बारा वर्षांनी, १६०१ मध्ये, अकबराने असीरगड घेतला, फारुकी संपले, आणि त्याच मशिदीत अकबराच्या विजयाचा फारसी लेख येऊन बसला.

तिथून पुढे बुऱ्हाणपूर म्हणजे मोगलांचा दक्षिणेतला उंबरठा. शाहजादे इथे सुभेदार म्हणून येत. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्रजांचा वकील टॉमस रो इथे शाहजादा परवेझला भेटला. शाहजाद्याचा वाडा आणि आणखी थोडी घरे सोडली तर सारी मातीची खोपटी, असे त्याला दिसले. त्याच सुमारास, खानखानान अब्दुर्रहीमच्या अमलात, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनी आणि शंभराच्या आसपास विहिरींच्या माळेने गावाकडे वळवले गेले. त्याला कुंडी भंडारा म्हणतात. पाणी केवळ उताराने चालते. मोट नाही, रहाट नाही. नानांनी असीरगडाचा अर्धा वेळ यासाठी सोडावा म्हणून मी त्यांची मनधरणी केली आणि ती फळली. मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीवर मात्र एकमत झाले. पुरंदरचा तह घडवणारा हा मुत्सद्दी विजापूरच्या मोहिमेत फसला, बादशहाच्या मनातून उतरला आणि १६६७ मध्ये परतीच्या वाटेवर इथेच मेला.

सारे जमत आले, तेव्हा अण्णांनी माझा कागद ओढून घेतला आणि सगळ्यांत वर लिहिले: बहादूरपुरा.

शंभूराजांचा राज्याभिषेक जानेवारी १६८१ मध्ये झाला आणि तो महिना संपता संपता मराठी फौज बुऱ्हाणपुरावर चालून आली. तटाच्या आतले गाव वाचले. तटाबाहेरचे पुरे लुटले गेले, आणि त्यांत सर्वांत श्रीमंत सराफ-सावकारांचा बहादूरपुरा. खाफीखान सांगतो की, धूर दिसेपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. माणसांना काही वाचवता आले नाही. आमच्या शाळेच्या पुस्तकात याची एक ओळ होती, आणि ती वाचताना छाती फुगत असे. अण्णांची अजून फुगते. "मोगलांच्या तिजोरीत हात घातला राजांनी!" ते म्हणाले.

माई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "अण्णा, ती तिजोरी नव्हती. दुकानं होती. आमचे आजोबा त्याच बाजूला मागावर बसायचे."

कोणी काही बोलले नाही. मग अण्णांनी आपली बाजू मांडली आणि ती पोकळ नव्हती. जिझिया पुन्हा बसला होता, शत्रूच्या फौजा याच गावातून निघत, इथलीच रसद खात. नव्या राजाने पहिला घाव दुसरीकडे कुठे घालावा? मला हे पटते. पण तॅव्हर्निये लिहून गेला आहे की, बुऱ्हाणपूरचे तलम कापड इराण-तुर्कस्तानापासून मॉस्को-पोलंडपर्यंत जाई. ते विणणारे हात बादशहाचे नव्हते. शिवाय या लुटीचा पुढचा भाग आमच्या पुस्तकात नव्हता. गावातल्या प्रतिष्ठितांनी औरंगजेबाला लिहिले की, असेच चालले तर जुम्याची नमाज बंद पडेल. बादशहा दक्षिणेत यायला तसाही निमित्त शोधत होता. बंडखोर शाहजादा अकबर शंभूराजांच्या आश्रयाला आलाच होता. नोव्हेंबर १६८१ मध्ये तो बुऱ्हाणपुरात दाखल झाला, तिथून औरंगाबादेला गेला आणि १७०७ मध्ये अहमदनगरला मरेपर्यंत नर्मदा पुन्हा ओलांडली नाही. पुढची पंचवीस वर्षे महाराष्ट्राने काय सोसले, ते निराळे सांगायला नको.

पुढे १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर बुऱ्हाणपूर निजामाकडून मराठ्यांकडे आले. म्हणजे जे लुटले ते आपलेच झाले. मग शिंद्यांचे, मग १८०३ मध्ये काही दिवस इंग्रजांचे, सुर्जी-अंजनगावच्या तहाने पुन्हा शिंद्यांचे, १८६० मध्ये कायमचे इंग्रजांचे. प्रत्येक खेपेला नवा अंमलदार आला, आणि माग चालू राहिले. आजही गावात यंत्रमागांचा खडखडाट थांबत नाही, असे माई सांगतात. बाहेरच्याला त्याने झोप येत नाही म्हणे. त्यांना माहेरी गेल्यावर तो थांबला की जाग येते.

बेत आता पक्का आहे. पहिला दिवस मशीद, किल्ला, शाही हमाम आणि संध्याकाळी नावेने जैनाबाद. दुसऱ्या दिवशी पहाटे असीरगड, मग कुंडी भंडारा, मग राजाची छत्री. बहादूरपुरा कागदावर आहे, पण अण्णांनी स्वतःच तो वरून खोडून दुसऱ्या दिवशीच्या दुपारी लिहिला आहे. तिथे काय दाखवणार, असे मी त्यांना विचारले. "मी नाही दाखवणार," ते म्हणाले, "माई दाखवतील."

माईंनी एवढेच विचारले की, परतीची गाडी किती वाजता आहे, आणि त्यांच्या भावाकडे सहा माणसांच्या जेवणाचा निरोप आजच धाडू का.