पन्नास गाड्यांचा नियम

नियम कसा लिहावा यावर आपण इथे बऱ्याचदा भांडतो. आज त्यासाठी जरा लांबचं उदाहरण घेतो, १९६९ सालच्या अमेरिकन मसल कारचं. थोडं मोठं आहे, पण वाचा.

मसल कार म्हणजे साधीशी दोन दारांची गाडी आणि तिच्यात दांडगं इंजिन. जनरल मोटर्सने १९६३ मध्ये शर्यतींतून अंग काढून घेतलं होतं. कॅमेरोसारख्या गाडीत ४०० घन इंचांपेक्षा (साधारण साडेसहा लिटर) मोठं इंजिन बसवायचं नाही, हाही कंपनीचाच नियम.

पण शेवरलेच्या विन्स पिगिन्स यांना फट माहीत होती. कंपनीत 'कोपो' नावाची खास ऑर्डरची पद्धत होती. टॅक्सीवाले किंवा पोलीस खातं यांना वेगळा रंग, दणकट भाग हवे असले की तो कागद भरायचा. नेहमीच्या वरच्या मंजुऱ्या तिथे आड येत नसत. इलिनॉयमधल्या ला हार्प या छोट्या गावचे डीलर फ्रेड गिब यांनी याच कागदावर ५० कॅमेरो मागवल्या.

५० च का? ड्रॅग रेसिंगची संघटना एनएचआरए म्हणायची, किमान ५० गाड्या बनवा, तरच ती कारखान्यातून आलेली गाडी मानू.

या गाड्यांत ४२७ घन इंचांचं ॲल्युमिनियमचं झेडएल-१ इंजिन होतं. ते न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडा कारखान्यात हाताने जुळवत. कागदावर ताकद ४३० अश्वशक्ती, प्रत्यक्षात ५०० च्या वर. नुसत्या इंजिनाचेच ४,१६० डॉलर, म्हणून गाडी गेली ७,२०० च्या पुढे, साध्या व्ही-८ कॅमेरोच्या अडीचपट. एवढे पैसे कोण मोजणार? गिब यांच्या ५० पैकी ३७ गाड्या कंपनीला परत घेऊन दुसऱ्या डीलरांकडे वळवाव्या लागल्या. सगळ्या मिळून बनल्या फक्त ६९.

फोर्डची गंमत याहून भारी. नासकारची अट होती, इंजिन रस्त्यावरच्या किमान ५०० गाड्यांत विकलं गेलं पाहिजे. फोर्डने ४२९ घन इंचांचं इंजिन मस्टँगमध्ये बसवायचं ठरवलं, पण ते मावेना. मग मस्टँग कारखान्यातून निघून मिशिगनमधल्या ब्रायटनला, कार क्राफ्टच्या शेडमध्ये जायच्या. तिथे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचा सांगाडा बदलून जागा करायची, बॅटरी डिकीत हलवायची. अशा बॉस ४२९ गाड्या दोन वर्षांत साधारण साडेतेराशे झाल्या. आणि नासकारच्या ट्रॅकवर ते इंजिन पळालं कशात? टोरिनो टॅलाडेगात! गाडीच वेगळी.

यात बेकायदेशीर काहीच नव्हतं. शर्यत सामान्य माणसाला मिळणाऱ्या गाड्यांचीच व्हावी, हा या अटींमागचा हेतू. पण हेतू मोजता येत नाही, आकडा मोजता येतो. म्हणून आकडा पुरा झाला आणि सामान्य माणूस शोरूमच्या काचेबाहेरच राहिला. कारागिरांच्या हाताला मात्र माझा सलाम; त्यांचं काम अस्सल होतं.

म्हणून मी कुठलाही शासन निर्णय हातात आला की आधी एकच बघतो: हा मोजणार काय? किती शौचालयं बांधली, की किती वापरात आहेत? किती झाडं लावली, की किती जगली? जे मोजाल तेवढंच तयार होऊन मिळेल, तेही अगदी काटेकोर. तुमच्या गावात असा 'आकडा पुरा, काम अपुरं' नियम कोणता? खाली लिहा.