कोळशाऐवजी वीज (बीजिंग)

कोळशाऐवजी वीज हा चीनची राजधानी बीजिंग येथील शासकीय कार्यक्रम आहे. हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कोळशाच्या शेगड्या काढून त्यांच्या जागी विजेची उपकरणे बसवणे, हे त्याचे स्वरूप होय. जुन्या शहरातील गल्ल्यांमध्ये (हुतोंग) तो एकविसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला व पुढे ग्रामीण भागात पोचला. २०१८ अखेरपर्यंत मैदानी प्रदेशातील बहुतेक गावांतून घरगुती कोळसा हद्दपार झाला.

पार्श्वभूमी

बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबर ते १५ मार्च हा घरे तापवण्याचा अधिकृत काळ मानला जातो. उंच इमारतींना नळांवाटे सामायिक उष्णता मिळते. बैठ्या घरांत मात्र शेगडी किंवा विटांचा तापवता येणारा ओटा (कांग) हाच आधार होता. महाराष्ट्रातील वाचकाला शेकोटी परिचित असते, पण चार महिने अहोरात्र धुमसणाऱ्या शेगडीची कल्पना येणे कठीण.

हवेवरील परिणाम

वीजकेंद्रातील भट्टीत कोळसा जवळजवळ पूर्ण जळतो आणि धूर गाळून उंच धुराड्यातून सोडला जातो. घरगुती शेगडीत तो अर्धवट जळतो. काजळी, सल्फर डायऑक्साइड व सूक्ष्म कण श्वासाच्या उंचीवरच पसरतात. त्यामुळे एक टन कोळसा घरात जाळला तर तो वीजकेंद्रातील एक टनापेक्षा हवा कितीतरी अधिक दूषित करतो. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडमुळे झोपेतच मृत्यू ओढवण्याचा धोकाही शेगडीबरोबर जातो. बीजिंगमधील पीएम २.५ कणांची वार्षिक सरासरी २०१३ मध्ये प्रति घनमीटर ८९.५ मायक्रोग्रॅम होती. २०२१ मध्ये ती ३३ झाली. कारखाने व वाहनांवरील निर्बंधांचाही यात वाटा असल्याने सारे श्रेय या कार्यक्रमाला देता येत नाही.

कार्बन उत्सर्जन

येथे लाभ आपोआप पदरात पडत नाही. औष्णिक केंद्रात कोळशाच्या १०० भाग उष्णतेपैकी साधारण ४० भागांचीच वीज होते. साधा हीटर तेवढीच उष्णता परत देतो, म्हणजे वीज कोळशाची असेल तर हा व्यवहार तोट्याचाही ठरू शकतो. उष्णता पंप (उलट चालणारा एसीच म्हणावा) बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढतो व एका युनिट विजेत दोन ते तीन युनिट उष्णता देतो. कडाक्याच्या थंडीत हे प्रमाण घटते. ग्रामीण भागात अशा पंपांना अनुदान देण्यात आले. बीजिंगला मिळणाऱ्या विजेचा मोठा भाग बाहेरून, बराचसा कोळशापासूनच येतो. २०२० मध्ये कार्यान्वित झालेल्या चांगपेई वीजवाहिनीने मात्र पवन व सौर वीजही राजधानीत आणली.

अडचणी

रात्रीच्या विजेचा सवलतीचा दर ०.३ युआन होता व त्यातील ०.२ युआन अनुदानातून भरले जात. बीजिंगची तिजोरी भरलेली. शेजारच्या हबेई प्रांताची तशी नव्हती. तेथे मुख्यतः नैसर्गिक वायूचा मार्ग धरला गेला आणि २०१७ च्या हिवाळ्यात वायूचा तुटवडा पडला. त्याच हिवाळ्यात हबेईतील छूयांग तालुक्यात काही प्राथमिक शाळांतील शेगड्या काढल्या गेल्या, पण नवी व्यवस्था सुरू झाली नव्हती. मुलांना उन्हात, उघड्यावर बसून शिकावे लागले. अखेर डिसेंबर २०१७ मध्ये, जेथे पर्यायी सोय पूर्ण झालेली नाही तेथे कोळसा जाळण्यास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मुभा दिली.