उपाशी यीस्ट, नोबेल आणि सायटेशनचा हिशेब

एकादशी जवळ आली की फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. उपवासावर संशोधन केलं म्हणून जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं, असं त्यात लिहिलेलं असतं. त्या शास्त्रज्ञाचं नाव योशिनोरी ओसुमी. त्यांना २०१६ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं हे खरं, आणि तेही एकट्याला. फक्त त्यांनी उपाशी ठेवलं होतं ते यीस्टला! पाव फुगवायला वापरतो तेच यीस्ट.

आज त्यांची गोष्ट सांगायचं कारण मात्र वेगळं आहे. एखादं संशोधन किती मोठं, हे आकड्यांनी मोजता येतं का? पेशीशास्त्रात या प्रश्नासाठी ओसुमींइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

ओसुमींचा जन्म १९४५ चा, फुकुओकाचा. टोकियोत शिकले, मग न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गेले. तिथे आधी उंदरांवर काम केलं, ते काही जमेना, म्हणून यीस्टकडे वळले. टोकियोला परतल्यावर त्यांनी विषय निवडला यीस्टच्या पेशीतली रिक्तिका. म्हणजे पेशीच्या आतली एक पिशवी. तेव्हा बहुतेकांच्या लेखी ती पेशीची कचराकुंडी होती, त्यामुळे तिकडे गर्दी नव्हती. ओसुमींना तेच हवं होतं. स्पर्धा आपल्याला आवडत नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय.

१९८८ साली त्यांना स्वतःची छोटीशी प्रयोगशाळा मिळाली. वय ४३, आणि नावावर गाजलेला असा एकही शोध नाही.

आता प्रयोग बघा. पेशी स्वतःचेच भाग पिशवीत गुंडाळून पचवते, हे माहीत होतं. ख्रिस्तियान द दुव यांनी १९६३ मध्ये त्याला 'ऑटोफॅजी' असं नावही दिलं होतं, म्हणजे स्वतःला खाणं. पण हे कुठल्या जनुकांमुळे होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. यीस्टमध्ये ते होतं की नाही, हेही स्पष्ट नव्हतं. ओसुमींनी युक्ती केली. रिक्तिकेतली पाचक एन्झाइम्स नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलं. आत आलेला माल पचणार नाही, म्हणजे तो साचेल आणि दिसेल! तसंच झालं. काही तासांत रिक्तिका बारीक गोळ्यांनी भरून गेली, आणि ते साध्या मायक्रोस्कोपखाली दिसलं.

हे काम १९९२ मध्ये छापून आलं. मग मिकी त्सुकादा या विद्यार्थिनीबरोबर त्यांनी हजारो बिघडलेल्या यीस्ट पेशी चाळल्या आणि ऑटोफॅजीला लागणारी १५ जनुकं शोधली. तो शोधनिबंध १९९३ चा, 'फेब्स लेटर्स' नावाच्या जर्नलमधला. छोटे निबंध झटपट छापणारं जर्नल. 'नेचर' किंवा 'सेल'चा रुबाब त्याला नाही. नोबेल समितीने जे चार मुख्य निबंध सांगितले, त्यांत हा आहे.

मग सायटेशनचं काय? सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकाने आपल्या निबंधात तुमच्या निबंधाचा दिलेला संदर्भ. सुरुवातीला या विषयावर काम करणारेच मोजके होते, तर संदर्भ देणार कोण? हीच यंत्रणा माणसाच्या पेशीतही आहे हे १९९८ पासून कळू लागलं, कॅन्सर आणि मेंदूच्या आजारांशी तिचा संबंध दिसू लागला, आणि मग मात्र लोंढा आला.

गंमत म्हणजे, ओसुमी सहलेखक असलेला २००० सालचा एक निबंध १९९३ च्या त्या निबंधापेक्षा कितीतरी जास्त वेळा उद्धृत झालाय. त्यात सस्तन प्राण्यांच्या पेशीत ऑटोफॅजी ओळखायची खूण आहे, 'एलसी३' नावाचं प्रथिन. रोजच्या प्रयोगात ते लागतं, म्हणून संदर्भही रोज दिला जातो. प्रथिनं मोजायची पद्धत सांगणाऱ्या लाउरी यांच्या १९५१ च्या निबंधाला तर तीन लाखांहून जास्त सायटेशन्स आहेत. हत्यार सगळ्यांच्या हाती जातं. त्यामानाने मूळ खोदणाऱ्याचं नाव कमी वेळा निघतं.

युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' सुरू केला तो संदर्भांचा माग काढायला. पुढे त्याच आकड्यांवर नोकऱ्या आणि बढत्या ठरू लागल्या. शेवटी २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला, अमेरिकेतल्या पेशीशास्त्रज्ञांच्याच अधिवेशनात, 'डोरा' हा जाहीरनामा पुढे आला. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर पाहून माणसाची किंवा निबंधाची किंमत ठरवू नका, हे त्यातलं मुख्य सांगणं.

मला विचाराल तर सायटेशनचा आकडा खोटा नसतो, फक्त उशिरा येतो. वाट तयार झाल्यावर तिच्यावरून किती जण गेले, एवढंच तो सांगतो. १९८८ साली कुणी ओसुमींना निव्वळ आकड्यांवर तोललं असतं, तर ती प्रयोगशाळा मिळाली असती का?

नोबेलनंतर ओसुमी हेच बोलत राहिले. 'याचा उपयोग काय' असं लगेच विचारायची सवय विज्ञानाला घातक आहे, असं त्यांचं म्हणणं. मूलभूत संशोधनाला मदत करायला त्यांनी २०१७ मध्ये संस्थाही काढली.

तुमच्यापैकी कुणी एमएस्सी, पीएचडी करत असेल आणि गुगल स्कॉलरवर आपला आकडा बघून खट्टू होत असेल, तर हा भाग तुमच्यासाठी. आणि फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड आलाच, तर काकांना प्रेमाने सांगा: काका, उपवास यीस्टने केला होता!